थोरॅसिक मणका हातात आल्यावर: आधी दिशा, मग फॅसेट, शेवटी क्रमांक

पहिल्या वर्षाच्या शरीररचनेच्या प्रात्यक्षिकात मणका हातात पडतो न पडतो तोच विद्यार्थी "टी-फाइव्ह" (थोरॅसिक, म्हणजे छातीच्या भागातला, पाचवा मणका) म्हणून मोकळा होतो. पुण्यातलं वैद्यकीय महाविद्यालय असो, आयुर्वेदाचं असो की फिजिओथेरपीचं, ही चूक सगळीकडे सारखीच होते, आणि तिची कारणं साधारण तीन असतात. मणका उलटा धरलेला असतो. किंवा बरगडीचा फॅसेट (बरगडी जिथे टेकते ती जागा) पाहण्याआधीच नजर स्पाइनच्या, म्हणजे मणक्याच्या मागच्या काट्याच्या, लांबीवर गेलेली असते. किंवा, आणि हे सगळ्यात जास्त, ज्या मणक्याला क्रमांक देताच येत नाही त्याला तो दिलेला असतो.

खालचा क्रम या तिन्ही चुका टाळण्यासाठी आहे. क्रम मोडू नका. तिसऱ्या टप्प्यातलं निरीक्षण पहिल्या टप्प्यात केलं तर ते बरोबर असूनही उत्तर चुकतं.

तयारी

सुटा एक मणका घेऊन अभ्यासाला बसू नका. समोर हे सगळं हवं:

- टी१ ते टी१२ असे बारा मणके
- शेजारच्या भागांतला एकेक मणका, म्हणजे सी७ (मानेचा, सर्व्हायकल, सातवा) आणि एल१ (कमरेचा, लंबर, पहिला)
- निदान तीन बरगड्या: पहिली, पाचवी ते आठवीमधली एखादी, आणि बारावी
- दोन रंगांचे खडू आणि कोरडं सुती फडकं
- मोबाइलचा टॉर्च
- चार-पाच मिलिमीटर जाडीच्या थर्माकोलचे तुकडे आणि जाड सुतळी

टॉर्च हवाच. फॅसेट म्हणजे हाडावरचा गुळगुळीत, किंचित खोलगट पट्टा. वरून थेट उजेड पाडला की तो आसपासच्या हाडात मिसळून जातो. टॉर्च हाडाला जवळजवळ समांतर धरा, कडेची सावली पडते आणि फॅसेटचा काठ उठून दिसतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या मॉडेलवर तर याशिवाय इलाज नाही, कारण साच्यात निम्मे फॅसेट बोथट होतात. काही मॉडेलवर खालचा अर्धा फॅसेट जवळपास नसतोच. शक्य असेल तेव्हा विभागातली खरी हाडं पाहा आणि प्लॅस्टिकचा सेट घरी उजळणीला ठेवा.

सिनियरकडून आलेला सेट असेल तर तो एकाच शरीराचा आहे का, हे आधी बघा. मणके क्रमाने रचा. बॉडीचा, म्हणजे मणक्याच्या पुढच्या जाड भागाचा, आकार टी१ पासून टी३ पर्यंत थोडा कमी होतो आणि तिथून टी१२ पर्यंत वाढत जातो. मध्येच एखादा मणका शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे मोठा किंवा लहान वाटला, तर तो दुसऱ्या सेटमधून आलेला आहे. असा सेट वाचायला चालतो, रचायला नाही.

काही मणक्यांच्या बॉडीच्या वरच्या-खालच्या कडा खडबडीत, खाचाखाचांच्या दिसतात. ती मोडतोड असेलच असं नाही. बॉडीच्या कडेचं वलय स्वतंत्र हाड म्हणून तयार होतं आणि साधारण पंचविशीपर्यंत पूर्ण जुळतं. तरुण वयाच्या हाडात ते सुटून गेलेलं असू शकतं.

> सावधान: विभागाच्या हाडावर पेन किंवा मार्कर लावू नका. सच्छिद्र हाड शाई शोषून घेतं आणि पुढच्या बॅचला तो डाग फॅसेट वाटतो. खडूच वापरा आणि काम झालं की फडक्याने पुसा. पावसाळ्यात खरी हाडं बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर बुरशी धरते. ती कापडी पिशवीत ठेवा आणि वाळवायची झाली तर सावलीत.

टप्पा १: मणका थोरॅसिकच आहे, याची खात्री

निर्णायक खूण एकच: बॉडीच्या बाजूला बरगडीच्या डोक्यासाठी असलेला फॅसेट, किंवा खालच्या एक-दोन मणक्यांत तो पेडिकलवर (बॉडीला मागच्या कमानीशी जोडणाऱ्या दांड्यावर) सरकलेला. तो सापडला की मणका थोरॅसिक. हृदयाच्या आकाराची बॉडी, लहान गोल फोरामेन (मज्जारज्जू जातो ते मधलं भोक), खाली झुकलेली लांब स्पाइन या खुणा त्याला जोड देतात, पण त्या एकट्यावर भिस्त ठेवू नका. टी१ ची बॉडी आडवी रुंद असते आणि फोरामेन मोठं. टी१२ ची स्पाइन आखूड, आडवी आणि चपटी असते. दोघेही पुस्तकातल्या चित्रासारखे दिसत नाहीत, आणि तोंडी परीक्षेत नेमके तेच पुढे येतात.

फोरामेनबद्दल एवढं लक्षात ठेवा की मधल्या थोरॅसिक मणक्यांत ते साधारण १५ ते १७ मिलिमीटरचं, जवळपास गोल असतं. सर्व्हायकल आणि लंबर मणक्यांत ते मोठं आणि त्रिकोणी असतं.

सी७ आणि टी१ यांत गोंधळ झाला तर ट्रान्सव्हर्स प्रोसेस, म्हणजे मणक्यातून बाजूला निघालेलं हाड, पाहा. सी७ मध्ये तिथे बहुधा आरपार भोक असतं, मात्र ते खूप बारीक असू शकतं, क्वचित एका बाजूला नसतंही. म्हणून भोक दिसलं नाही एवढ्यावरून टी१ म्हणू नका. बॉडीवरचा पूर्ण फॅसेट दिसला तरच म्हणा.

> तपासणी: बॉडीच्या मागच्या पृष्ठभागावर, फोरामेनच्या आतून दिसणारं मोठं छिद्र शिरेसाठी असतं. त्याचा बरगडीशी काही संबंध नाही. फॅसेट शोधायचा तो बॉडीच्या बाजूला, पेडिकल जिथून निघतो त्याच्या लगत.

टप्पा २: मणका योग्य दिशेत धरणं

बहुतेक चुकांचं मूळ या टप्प्यात आहे, म्हणून इथे वेळ द्या.

पुढे-मागे ठरवणं सोपं: बॉडी पुढे, स्पाइन मागे. वर-खाली ठरवताना मात्र घोळ होतो, कारण बॉडीचे दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि दिसायला सारखेच असतात. त्यांच्याकडे पाहत बसू नका. या क्रमाने जा:

१. पेडिकल बॉडीच्या वरच्या भागातून निघतो. त्यामुळे त्याच्या खालची खाच खोल असते आणि वरची जवळपास नसल्यासारखी. तर्जनी दोन्हीकडे टेकवून बघा. बोट जिथे नीट बसतं ती खालची बाजू. अपवाद टी१ चा: त्याच्या वरच्या बाजूलाही खाच स्पष्ट असते.

२. वरचे आर्टिक्युलर फॅसेट (शेजारच्या मणक्याशी सांधणारे) मागे तोंड करून असतात, किंचित वर आणि बाहेर. खालचे पुढे पाहतात, किंचित खाली आणि आत. मणका बरोबर धरला असेल तर मागून बघताना वरच्या जोडीची गुळगुळीत बाजू दिसते. खालच्या जोडीची दिसत नाही, ती लॅमिनाच्या (मागच्या कमानीच्या पट्टीच्या) पुढच्या अंगाला असते.

३. स्पाइनचं टोक खाली झुकतं. ही खूण मधल्या मणक्यांतच भरवशाची आहे. टी५ ते टी८ मध्ये स्पाइन जवळपास उभ्या, कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या असतात. टी१, टी२, टी११, टी१२ मध्ये त्या आडव्याच्या जवळ जातात. म्हणून ही खूण तिसरी ठेवली आहे, पहिली नाही.

तिन्ही खुणा एकच सांगत असतील तरच पुढे जा.

उलटं धरल्याने नेमकं काय बिघडतं? बहुतेक मणक्यांत बॉडीच्या वरच्या आणि खालच्या कडेला एकेक अर्धा फॅसेट असतो; वरचा मोठा आणि खालचा लहान. टी१ उलटा धरला की वरचा पूर्ण फॅसेट खाली जातो आणि खालचा अर्धा वर येतो, म्हणजे कुठल्याही मणक्यात नसलेली जोडी तयार होते. मग विद्यार्थी गडबडून "ॲटिपिकल" (नेहमीपेक्षा वेगळा) एवढंच म्हणतो. टी९ उलटा धरला की वर काहीच नाही आणि खाली अर्धा फॅसेट, हेही अशक्य. फॅसेटची जोडी विचित्र दिसली तर पाठांतरावर शंका घेण्याआधी मणका उलटून बघा.

डावं-उजवं विचारलं तर मणका स्वतःच्या शरीराच्या दिशेत धरा: स्पाइन तुमच्या छातीकडे, बॉडी समोर. मग मणक्याची उजवी बाजू तुमच्या उजवीकडे येते. बॉडी स्वतःकडे करून धरली की बाजू उलट होतात आणि बोलताना हटकून चूक होते. मधल्या मणक्यांत, टी५ ते टी८, बॉडीची डावी बाजू महाधमनीच्या दाबाने किंचित चपटी झालेली दिसू शकते. दिसली तर सांगा, पण सगळीकडे हट्टाने शोधू नका.

टप्पा ३: फॅसेट मोजणं

आता खडू घ्या. एका बाजूचेच फॅसेट रंगवा: बॉडीवरचे एका रंगाने, ट्रान्सव्हर्स प्रोसेसवरचा दुसऱ्या. आर्टिक्युलर फॅसेट रंगवू नका. ते मणक्या-मणक्यातल्या सांध्याचे आहेत, बरगडीचे नाहीत. "एका टिपिकल मणक्यावर बरगड्यांसाठी किती फॅसेट?" या प्रश्नावर दहा असं उत्तर येतं ते चार आर्टिक्युलर त्यात मिसळल्यामुळे. बरोबर उत्तर सहा: दोन्ही बाजूंना वरचा अर्धा, खालचा अर्धा आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेसवरचा.

फॅसेट पाहताना तीन गोष्टी नोंदवा: बॉडीवर वर काय आहे (पूर्ण की अर्धा), खाली अर्धा फॅसेट आहे का, आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या टोकाशी आहे का. डोळ्यांनी पाहून झालं की बोटाच्या टोकाने चाचपा. फॅसेट गुळगुळीत लागतो. स्नायू-अस्थिबंध लागतात ती जागा खरखरीत.

> सावधान: फॅसेट अर्धा की पूर्ण, हे आकारावरून ठरवू नका, काठावरून ठरवा. अर्धा फॅसेट बॉडीच्या कडेला कापल्यासारखा थांबतो, कारण उरलेला भाग डिस्कच्या (दोन मणक्यांमधल्या चकतीच्या) पलीकडे शेजारच्या मणक्यावर असतो. पूर्ण फॅसेटला सगळीकडून काठ असतो.

टप्पा ४: कोणती बरगडी कुठे

पाठांतर इथे सगळ्यात जास्त फसवतं. नियम असा: वरचा फॅसेट स्वतःच्या क्रमांकाच्या बरगडीसाठी, खालचा पुढच्या बरगडीसाठी, आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेसवरचा पुन्हा स्वतःच्याच बरगडीच्या ट्युबरकलसाठी (बरगडीवरच्या उंचवट्यासाठी). टी५ च्या वरच्या अर्ध्यात पाचवी, खालच्या अर्ध्यात सहावी, ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर पाचवी.

हाच प्रश्न बरगडीच्या बाजूने विचारला की मुलं अडखळतात. पाचव्या बरगडीचं डोकं कुठे जुळतं? टी४ चा खालचा अर्धा आणि टी५ चा वरचा अर्धा, मधे डिस्क. "टी५ आणि टी६" हे उत्तर सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. बरगडी आपल्या क्रमांकाचा आणि त्याच्या वरचा मणका धरते, खालचा नाही.

टिपिकल बरगडी हातात घ्या. तिच्या डोक्यावर दोन फॅसेट आणि मधे एक कंगोरा दिसेल. कंगोरा डिस्ककडे जातो. पहिल्या बरगडीच्या डोक्यावर एकच फॅसेट आहे, कारण ती फक्त टी१ ला जुळते. अकरावी-बारावीचंही तसंच, आणि बहुधा दहावीचंही. म्हणूनच टी१ वर वरचा फॅसेट पूर्ण असतो आणि टी१० पासून खाली एकच उरतो. ॲटिपिकल मणके वेगळे पाठ करायची गरज इथेच संपते: बरगडीच्या डोक्यावर किती फॅसेट, हे माहीत असलं की मणक्यावर काय असेल ते आपोआप निघतं.

ट्रान्सव्हर्स प्रोसेसवरच्या फॅसेटची दिशाही पाहून ठेवा. वरच्या पाच-सहा मणक्यांत तो खोलगट असतो आणि पुढे-बाहेर पाहतो, त्यामुळे बरगडीची मान स्वतःभोवती फिरते आणि श्वास घेताना छाती पुढे-वर उचलली जाते. खालच्यांत, दहाव्यापर्यंत, तो सपाट आणि वर पाहणारा होतो. तिथे बरगडी घसरते आणि छाती बाजूंना रुंदावते. फिजिओच्या विद्यार्थ्यांना पुढे श्वसनाच्या प्रकरणात हे लागणारच आहे.

टप्पा ५: क्रमांक, आणि तोही देता येत असेल तरच

| बॉडीवर | ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर फॅसेट | मणका |
|---|---|---|
| वर पूर्ण, खाली अर्धा | आहे | टी१ |
| वर अर्धा, खाली अर्धा | आहे | टी२ ते टी८ |
| वर अर्धा, खाली नाही | आहे | टी९ |
| एकच पूर्ण, वरच्या कडेला | बहुधा आहे | टी१० |
| एकच पूर्ण, पेडिकलवर सरकलेला | नाही | टी११ |
| एकच पूर्ण, बहुतांश पेडिकलवर | नाही | टी१२ |

दुसऱ्या ओळीत आलेला मणका सुटा असेल तर "टिपिकल थोरॅसिक" म्हणा आणि थांबा. स्पाइन जवळपास उभी असेल तर "मधल्या भागातला, बहुधा पाचवा ते आठवा" इतकं जोडता येतं. त्यापुढे जाऊन नेमका आकडा सांगितला की परीक्षक कारण विचारतो, आणि कारण देता येत नाही.

टी११ आणि टी१२ वेगळे करताना बॉडीवरचा फॅसेट पाहून वेळ घालवू नका. खालचे आर्टिक्युलर फॅसेट पाहा. टी११ मध्ये ते पुढे तोंड करून असतात, टी१२ मध्ये बाहेरच्या बाजूला वळलेले आणि बहिर्गोल, लंबर मणक्यासारखे. टी१२ ची ट्रान्सव्हर्स प्रोसेस इतकी खुजी असते की तिच्या जागी वरचा, खालचा आणि बाजूचा असे तीन उंचवटेच उरतात. एल१ शी घोळ झाला तर पुन्हा पहिल्या टप्प्यावर जा: बरगडीचा फॅसेट आहे तर टी१२, नाही तर एल१.

टी१० हा खरा डोकेदुखीचा. काहींच्या शरीरात दहावी बरगडी टी९ लाही टेकते. मग टी९ वर खालचा अर्धा फॅसेट असतो आणि टी१० चा वरचा अर्धाच राहतो. काही टी१० च्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर फॅसेटच नसतो, आणि तो टी११ सारखा दिसतो. अशा वेळी बॉडीवरचा फॅसेट पेडिकलवर किती चढला आहे आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेस किती मोठी आहे, हे बघा. ती टी१ पासून खाली आखूड होत जाते. तरीही ठरत नसेल तर "टी१० किंवा टी११" म्हणा आणि कारण सांगा. कारणासह दिलेलं असं उत्तर छातीठोकपणे ठोकून दिलेल्या आकड्यापेक्षा बरं.

टप्पा ६: रचून पाहणं

सुतळी फोरामेनमधून ओवा आणि दर दोन बॉडींच्या मधे थर्माकोलचा तुकडा ठेवा. डिस्कशिवाय रचलं तर दोन अर्धे फॅसेट एकमेकांवर दाबले जातात, बरगडीचं डोकं बसत नाही, आणि मज्जातंतू बाहेर पडण्याची फटही बारीक होते. थर्माकोल घातला की वरच्या मणक्याचा खालचा अर्धा, थर्माकोलची कड आणि खालच्या मणक्याचा वरचा अर्धा मिळून एक खोबण होते. बरगडी तिथे टेकवा. डोकं खोबणीत आणि ट्युबरकल ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर, दोन्ही एकाच वेळी बसलं पाहिजे. एकच बसत असेल तर बरगडी दुसऱ्या बाजूची आहे किंवा तिचा क्रमांक चुकला आहे.

रचलेला कणा बाजूने पाहिला की मागे फुगवटा दिसतो. तो डिस्कमुळे कमी आणि बॉडीमुळे जास्त आहे: थोरॅसिक बॉडी पुढच्यापेक्षा मागे किंचित उंच असतात. तंतूचा क्रमांकही इथेच पक्का करा. टी५ तंतू टी५ आणि टी६ यांच्या मधून, म्हणजे आपल्या क्रमांकाच्या मणक्याखालून निघतो. सर्व्हायकल भागात सी७ पर्यंत हे उलट असतं, म्हणून गफलत होते.

टप्पा ७: पाठीवर हात ठेवून मोजणं

मान पुढे झुकवायला सांगा. मानेच्या तळाशी सगळ्यात उठून दिसणारं टोक सी७ चं मानतात, पण अनेकांत टी१ चं टोक जास्त पुढे आलेलं असतं. दोन उंचवटे जाणवले तर बोटं त्यांवर ठेवून डोकं हळू डावी-उजवीकडे वळवायला लावा. वरचा हलतो आणि खालचा जवळपास स्थिर राहतो: खालचा टी१. तिथून एकेक मोजत खाली या.

हात बाजूला सैल सोडून उभ्या असलेल्या माणसात खांद्याच्या पात्याच्या स्पाइनचं (पात्यावरच्या आडव्या कंगोऱ्याचं) आतलं टोक टी३ च्या स्पाइनसमोर आणि पात्याचा खालचा कोन टी७ च्या स्पाइनसमोर येतो, साधारणपणे. हात वर किंवा पुढे घेतले की पातं सरकतं आणि आकडा चुकतो.

स्पाइनचं टोक सापडलं म्हणजे त्याच मणक्याची बॉडी सापडली, असं धरू नका. टी१ ते टी३ मध्ये टोक स्वतःच्या बॉडीसमोर असतं. टी४ ते टी६ मध्ये अर्धा मणका खाली. टी७ ते टी१० मध्ये जवळपास एक पूर्ण मणका खाली. टी११ मध्ये पुन्हा अर्धा. टी१२ मध्ये स्वतःच्या पातळीवर. हे ढोबळ गणित आहे, शिकण्यापुरतं. सुई टोचायची किंवा शस्त्रक्रिया करायची तेव्हा पातळी इमेजिंगवरच ठरते.

एक्स-रेवर मोजताना स्पाइन सोडा आणि पेडिकल व बरगड्या धरा. समोरून काढलेल्या चित्रात सी७ ची ट्रान्सव्हर्स प्रोसेस खाली-बाहेर झुकलेली असते आणि टी१ ची वर-बाहेर. टी१ ला पहिली बरगडी जुळलेली दिसते. तिथून खाली मोजा. खालून मोजायचा मोह आवरा. बारावी बरगडी काहींत इतकी आखूड असते की ती ट्रान्सव्हर्स प्रोसेस समजून सुटून जाते, आणि काहींत एल१ लाच छोटी बरगडी असते. दोन्हीकडून मोजून आकडा जुळला नाही, तर अहवालात तसं लिहा आणि मोजणी कुठून केली तेही लिहा.